डोळ्यातला टीबी आणि परत गेलेला पाट

हरतालिकेच्या संध्याकाळी बाबल माझ्या गणपतीच्या शाळेच्या, म्हणजे मूर्ती घडवायच्या कारखान्याच्या, दारात येऊन उभा राहिला. तोंडाला मास्क, हातात बाजारातून आणलेली मूर्ती.

बाबल माझा चुलतभाऊ. आमच्याकडे प्रत्येक घर आपला पाट शाळेत आणून देतं आणि त्याच पाटावर त्या घरचा गणपती घडतो... त्याचा पाट आजवर माझ्याकडेच असायचा. यंदा दिलेला पाट तो परत घेऊन गेला. "माझा काय नाय रे, पण घरात पोरां आसत."

कारण माझ्या डाव्या डोळ्याचा टीबी.

डोळा लाल व्हायचा, धूसर दिसायचं, काळे ठिपके तरंगायचे. थेंब घातले की बरं, थांबवले की परत तेच. शाळेत मूर्तींचे डोळे मी एकटाच आखतो... नजर गेली तर शाळाच गेली.

शेवटी गोव्याच्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्याचा मागचा पडदा बघितला, हातावर टोचून चाचणी केली, रक्त तपासलं, छातीचा स्कॅन काढला. खोकला नाही, फुफ्फुसं साफ. तपासायला डोळ्याच्या आतला तुकडा सहज काढता येत नाही, म्हणून सगळं जुळवूनच निदान करावं लागतं, हे त्यांनी नीट समजावलं.

मग टीबीच्या गोळ्या, जोडीला सूज उतरवायला स्टेरॉइड. त्यातल्या एका गोळीनं लाल-हिरव्यात गफलत होऊ शकते, म्हणून रोज एकेक डोळा झाकून रंग ताडायचे. मी कुठल्या आर्ट स्कूलची पायरी चढलेलो नाही, पण कुंकवाचा लाल आणि जास्वंदीचा लाल यात माझी आजवर चूक नाही.

हा टीबी माझ्यापासून कुणाला लागत नाही, हे बाबलला तेव्हाच सांगितलं होतं. त्यानं रिपोर्ट हातातसुद्धा धरला नाही.

आणि आता... "बायल म्हणता, देव तिरळो बघता. डोळे तेवढे करून दी."

आत बोलावलं, तर म्हणाला, "नको, हयसरच बरो आसंय."

मूर्तीचं डावं बुबुळ खरंच नाकाकडे सरकलं होतं. खाली मात्र तोच पाट... देवाचा काय दोष? जुनं पुसून मी दोन्ही डोळे नव्यानं आखले. माझा डावा अजून पुरता निवळलेला नाही, पण रेघ हलली नाही.

बायकोनं चहा आणून ठेवला. बाबलनं मूर्ती निरखली, समाधानानं मान हलवली आणि निघाला. कप तसाच राहिला.

नजर बरीच परत आलीय, त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार मानतो. एवढंच कळत नाही... ज्याच्या हातचे देवाचे डोळे चालतात, त्याच्या घरचा चहा का चालत नाही?