नानांची तीन काळी मिनिटं

अख्ख्या खानदेशात गिऱ्हाइकाला अंधार दाखवायची हिंमत केलेला एकच माणूस होऊन गेला, तो म्हणजे देवपुरातले आमच्या शेजारचे नाना. शिंदखेड्याचं बंद पडलेलं थिएटर भंगारात निघालं तेव्हा लोकांनी पत्रे उचलले, खुर्च्या उचलल्या. नानांनी एका मूकपटाची रिळं असलेले गंजके डबे उचलले. त्यानंतर त्यांच्या घरी पाहुण्याला पाण्याआधी ‘डब्यांना हात लावू नका’ ही ताकीद मिळे. बायकोच्या, म्हणजे अक्कांच्या, जुन्या लुगड्यांची मऊ फडकी करून नाना एकेक चित्र पुसत, तुटलेलं जोडत. अक्का म्हणायच्या, "माझं लग्नातलं लुगडं त्या मेल्या हिरोचं तोंड पुसण्यात गेलं." मग पिक्चर भिंतीवर चालवायचा, लग्नाच्या शूटिंगवाल्याचा कॅमेरा समोर लावायचा, की झाली कॅसेट विकायला तयार. हा मूकपट घराघरांत दिसला पाहिजे, एवढाच त्यांचा हट्ट.

पण मधला एक तुकडा पार सडलेला. नानांनी त्याची लांबी मोजली आणि कॅसेटमध्ये तेवढी, तीन मिनिटं, काळी ठेवली. नायक पुरात उडी मारतो, सगळं काळं, मग तो काठावर पागोटं वाळवत बसलेला. लोक कॅसेट परत आणू लागले. एकजण दारातूनच म्हणाला, "नाना, तुमनी कॅसेट खराब शे."

"कॅसेट चांगली शे भाऊ. तेवढा पिक्चर सडी गया. गेलेलं, गेलेलंच दिसू दे."

मी पत्रक काढलं: ज्यांना तीन मिनिटं अंधार सोसत नाही, त्यांनी वारसा जपायची भाषणं ठोकू नयेत. लोक पत्रकावर शेव खाऊन मोकळे झाले.

जळगावच्या पिंप्राळ्यातल्या व्हिडिओ लायब्ररीवाल्याने तर त्या काळ्या जागेत साडीच्या दुकानाची जाहिरात भरली. नायकाची पुरात उडी, लगेच पैठण्यांचा सेल! कॅसेट धो धो चालली. नाना एसटीने जळगावला जाऊन भांडले. तो शांतपणे म्हणाला, "नाना, पण लोक पाहतायत ना?" परत आल्यावर नानांनी ते डबे पुन्हा उघडले नाहीत.

नाना गेले. शोकसभेचा अध्यक्ष कोण, तर तोच लायब्ररीवाला. श्रद्धांजली म्हणून त्याने कॅसेट लावली, जाहिरातीसकट. सभेने टाळ्या वाजवल्या. अक्का उठून चालत्या झाल्या.

नानांची मूळ कॅसेट अक्कांनी मला दिली. त्यांच्याकडे टीव्ही नाही, म्हणून रविवारी आमच्याकडे येतात. पडदा काळा झाला की आई दरवेळी विचारते, बिघडली का गं? अक्का उठतात, पदराने टीव्हीची काच पुसू लागतात, आणि नायक काठावर येईपर्यंत पुसत राहतात.