दहाव्याला कबूल केलेली काठी

२०१५ सालच्या डिसेंबरात, एका मंगळवारी, माझा नवरा ड्युटीवर गेला. दुपारी मला शाळेत फोन आला. संध्याकाळी दिरांनी त्याला अग्नी दिला.

तो रेल्वेत होता. डहाणू रोडला, मसोलीत आमचं घर आहे. मी तलासरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. लिहिताना मी त्याला ‘तो’ म्हणते आहे. समोर असताना ‘अहो’च म्हणायचे. आम्हाला मूल नाही. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई.

आमच्याकडे दहाव्याला बायकाही जातात, फक्त पुरुषांच्या मागे, जरा लांब बसतात. खाडीकाठी पिंड मांडले होते. तिवराच्या फांदीवर एक कावळा होता. तो बघत होता, पण खाली येत नव्हता. दीर हात जोडून उभे राहिले. ते चिकूच्या वखारीत काम करतात, दिवसभर गाड्यांवरच्या माणसांना हाका मारायच्या, आवाज तसाच झालेला.

“भाऊ, वहिनीची काळजी करू नको. आम्ही आहोत.”

कावळा बसून राहिला.

“आईला काही कमी पडू देणार नाही.”

कावळ्याने फांदीला चोच घासली.

“वरच्या खोलीचा स्लॅब मी टाकून देईन.”

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. “दर्भाचा कावळा करू का?” ते म्हणाले.

“दर्भाचा नको,” सासूबाई म्हणाल्या. “पोरगा काहीतरी मागतोय माझा.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “तुला काही बोलला होता का गं?”

कावळा का येत नाही, ते मला पहिल्यापासून माहीत होतं. मी आठवीच्या वर्गाला शिकवते की माणसांचा घोळका जवळ असेल तर पक्षी अन्नाकडे येत नाही. सगळे चार पावलं मागे सरले असते तर तो आला असता, हेही मला माहीत होतं. तरी मी उठले, दिरांजवळ गेले आणि हळूच सांगितलं.

“काय?” ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग कावळ्याकडे तोंड केलं आणि वखारीतल्या आवाजात म्हणाले, “भाऊ, तुझी ती मासे पकडायची फॉरेनची काठी! तुकड्या-तुकड्यांची! वहिनी घेईल. वर्षाच्या आत घेईल. ये!”

‘वर्षाच्या आत’ हे त्यांनी मनाचं घातलं. कावळा उतरला, कडेच्या पिंडाला चोच लावली आणि भात घेऊन उडाला. सासूबाई रडायला लागल्या. मागे त्याच्या ऑफिसातला कोणीतरी हसू दाबण्यासाठी खोकला. मी वाळूकडे बघत राहिले. माझ्यासाठी नाही, आईसाठी नाही, स्लॅबसाठी नाही, काठीसाठी तो आला होता, आणि हे सगळ्या गोताने ऐकलं होतं.

त्या काठीची गोष्ट दोन वर्षं आधीची. आम्ही त्याच्या रेल्वेच्या पासवर हिमाचलला गेलो होतो. तिथे एका पुलाखाली एक म्हातारा पाण्यात गुडघाभर उभा राहून लांब काठीने दोरी फेकत होता. दोरी डोक्यावरून मागे जायची, हवेत उलगडायची, मग पुढे जाऊन पाण्यावर अलगद पडायची. माझा नवरा दुपारभर पुलावर उभा राहिला. मी खोलीत पुस्तक वाचत होते. परत आला तेव्हा म्हणाला, “पकडतो आणि सोडून देतो. मासा हातात धरतो, बघतो, सोडतो.”

त्याचं आजोळ वाढवणचं. लहानपणी तिथल्या खडकांवर बसून त्याने नुसत्या दोरीने गळ टाकलेला. ही काठी त्याला वेगळीच वाटली. परत आल्यावर रोज जेवणानंतर तो मोबाइलवर काठ्या बघायचा. त्याच्या अटी दोन होत्या. बर्थखालच्या बॅगेत मावली पाहिजे, म्हणजे तुकड्यांची हवी. आणि दोरी, चक्र सगळं धरून दहा हजारांच्या आत बसलं पाहिजे. कधीकधी गच्चीवर जाऊन तो झाडूच्या दांड्याला नायलॉनची दोरी बांधून फेकून बघायचा.

“अहो, खाली लोक बघतात,” मी म्हणायचे.

“बघू देत. तिकीट थोडंच आहे?”

दहाव्याची गोष्ट डहाणूच्या बाजारात पोचायला वेळ लागला नाही. तेराव्यानंतर मी पहिल्यांदा मासळीबाजारात गेले, तेव्हा आमची नेहमीची मासेवाली पाटीवरून हात न उचलता म्हणाली, “काय गो बाय, आता आमच्याकडनं मावरं कशाला घेशील? तुझी काठी येतेय ना?” शेजारच्या दोघी हसल्या. मग तिलाच वाईट वाटलं असावं. तिने माझ्या पिशवीत दोन बोंबील जास्त टाकले. मी ते घरी आणले आणि मला खाववले नाहीत.

मला दुसरं काही येत नाही म्हणून मी वाचायला बसले. परीक्षेचा अभ्यास करावा तसं वाचलं. या मासेमारीत आमिष म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली माशी. तिला वजन नसतं. वजन दोरीला असतं, आणि दोरीच माशीला घेऊन जाते. म्हणून काठीवर एक नंबर असतो आणि दोरीचा नंबर त्याच्याशी जुळावा लागतो. नवख्याने पाच नंबर घ्यावा. दोन तुकड्यांची काठी लांबच लांब राहते. सात तुकड्यांची खांद्यावरच्या पिशवीतही जाते, पण स्वस्तातल्या सात तुकड्यांचे सांधे लवकर ढिले पडतात. कमी पैशांत घ्यायची तर चार तुकड्यांवर थांबावं. छत्रीसारखी एकात एक सरकणारी काठी स्वस्त मिळते, ती घेऊ नये, ती या कामाची नाही. चक्रावर पैसे घालवू नयेत, ते नुसतं दोरी गुंडाळून ठेवतं. दोरी मात्र चांगली घ्यावी. तो हे सगळं मला जेवताना सांगत असे. तेव्हा मी ‘हं’ म्हणत असे.

मे महिन्याच्या सुट्टीत मी मुंबईला गेले. दुकान गल्लीत, वरच्या मजल्यावर होतं. दुकानदाराने आधी सरकणारी काठी काढली. मी म्हटलं, ही नको, चार तुकड्यांची, पाच नंबरची, ग्रॅफाइटची दाखवा. त्याने चष्मा वर केला.

“कोणासाठी, मॅडम?”

“मिस्टरांसाठी.”

“मग साहेबांनाच घेऊन या ना. हातात धरून घ्यायची वस्तू आहे. चपलेसारखी. दुसऱ्याच्या मापाने घेऊन काय फायदा?”

“ते बाहेरगावी असतात.”

“येतील तेव्हा या. माल कुठे जात नाही.”

“त्यांचं येणं सांगता येत नाही.”

त्याने पुढे विचारलं नाही. तीन काठ्या काढल्या. एक माझ्या बेतात बसत नव्हती. एकीचे सांधे जोडून हलवले की आतून बारीक टकटक यायची. तिसरी हिरवी होती, तिच्याबरोबर टोकाचा एक जादा तुकडा होता. “टोकच मोडतं नेहमी,” तो म्हणाला, “दारात अडकून, पंख्यात अडकून. पाण्यात कोणाची मोडत नाही.” मग त्याने काठी जोडली, दोरी ओवली आणि मला मागच्या गच्चीवर नेलं. “साहेब नाहीत तर तुम्ही फेका. मनगट मोडायचं नाही. मागे नेलीत की थांबा. दोरीला मागे उलगडायला वेळ द्या. मग पुढे.”

पहिल्यांदा दोरी माझ्या खांद्यांवर पडली. दुसऱ्यांदा पाण्याच्या टाकीवर. मग एकदा मी मागे थांबले आणि काठी हातात जड झाली, मागून कोणी हलकेच ओढल्यासारखी, आणि पुढे नेल्यावर दोरी गच्चीभर सरळ गेली. ती थरथर कोपरापर्यंत आली. पाच महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. मी हसले असावे, कारण दुकानदारही हसला. त्यानंतर माझी मान वर होईना. पैसे देतानाही मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

हिरव्या काठीचं नळकांडं माझ्या पिशवीत मावलं नाही. गाडीत ते मांडीवर धरून बसले. समोरच्या बाईंनी विचारलं, “काय आहे त्यात?”

“शाळेचे तक्ते,” मी म्हटलं.

घरी सासूबाईंनी नळकांडं त्याच्या फोटोखाली ठेवलं, कुंकवाचं बोट लावलं. “वर्षश्राद्धाला दान करून टाकू,” त्या म्हणाल्या. “त्याच्या नावाची वस्तू घरात राहिली तर जीव अडकून पडेल त्याचा. आणि तोपर्यंत उघडू नको.”

मी हो म्हटलं. शब्द पुरा झाला होता, माझं काम संपलं होतं. पण शाळा सुरू झाल्यावर एका शनिवारी सासूबाई देवळात गेल्या असताना मी नळकांडं उचललं, त्याच्या जागी तसंच दिसणारं तक्त्यांचं नळकांडं ठेवलं, वरून कुंकवाचं बोटही लावलं. त्या वर्षी आमच्या घरी गणपती आला नाही, दिवाळीचा कंदील लागला नाही. आणि मी शाळा सुटल्यावर मागच्या मैदानात दोरी फेकत होते. शिपाई किल्ल्या घेऊन आला.

“बाई, कावळे हाकताय का?”

“हो,” मी म्हटलं.

नंतर मी कुर्झ्याच्या धरणावर जायला लागले. घरी जादा तास आहेत म्हणून सांगायचे. दिवाळीनंतर एका रविवारी एक चिलापी मासळी लागली, तळहाताएवढी. मी ती ओल्या हाताने धरली, पाहिली, सोडली. बसने परत येताना मला सारखं वाटत होतं की माझ्या अंगाला वास येतोय आणि सगळ्यांना कळतंय. जी वस्तू द्यायची, ती द्यायची मला इच्छा उरली नव्हती.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी नळकांडी पुन्हा बदलली. जेवणाआधी दिरांनी काठी गुरुजींसमोर ठेवली. गुरुजींनी झाकण उघडून आत डोकावलं.

“मी काय करू याचं? छत्री द्या, चपला द्या.”

“वाढवणच्या भावाला देऊ,” दीर म्हणाले. “तो तरी दर्यात जातो.” वाढवणचा मामेभाऊ पाटाशेजारी बसला होता. त्याने एक तुकडा काढून वाकवून पाहिला.

“पकडायचा नि सोडायचा? भरल्या पोटाची मस्करी ही. आमच्या बोटीवर नेली तर खलाशी मलाच सोडून येतील. राहू दे.”

“मग द्यायची कोणाला?” सासूबाई म्हणाल्या. पानं वाढलेली होती.

“मला द्या,” मी म्हटलं.

“बायकोला दान? असं कुठे असतं?” सासूबाई म्हणाल्या.

गुरुजींनी भाताकडे पाहिलं. “घेणाऱ्याला वस्तू वापरता आली म्हणजे दान पावतं, असं मी मानतो. तुम्हाला येते का ही वापरता?”

नाही म्हटलं असतं तर काठी गेली असती. मी म्हटलं, “येते.”

“वहिनी, तुम्हाला? कधी शिकलात?” दीर म्हणाले. उत्तर त्यांनीच मनात जुळवलं, मग त्यांच्या बायकोने, मग सासूबाईंनी. दुखवट्याच्या वर्षात ही बाई मासे पकडत होती, हे त्या पानांच्या रांगेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचलं. मी तळहात पुढे केला. दिरांनी त्यावर पाणी आणि तुळशीचं पान सोडलं. पाणी बोटांतून ओघळून माझ्याच पदरावर सांडलं.

सासूबाई बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मग एका रविवारी मी डबा भरत असताना म्हणाल्या, “धरणावर ना? इतकी जातेस, तर एखादा मासा घरी का येत नाही?”

“सोडून देते.”

“मग काय, तो गेला आणि खूळ तुझ्याकडे ठेवून गेला.” त्यांनी डब्यात एक भाकरी जास्त घातली.

आता २०१९ चालू आहे. टोकाचा एक तुकडा शाळेच्या दारात अडकून मोडला, जादाचा लावला आहे. हिमाचलला मी गेले नाही. काठी शाळेतल्या कपाटात तक्त्यांच्या मागे असते. रविवारी मी ती घेऊन जाते, आणि बसमध्ये कोणी विचारलं तर अजूनही तक्तेच सांगते.