कवळीताई उठली नाही

महिना भरायच्या आदल्या दिवशी, दुकानं उघडायच्या वेळेला, त्या रस्त्यावर एक तमाशा होत असे. निळ्या होस्टेलातून बाया बॅगा ओढत बाहेर पडत. समोरच्या पिवळ्या होस्टेलातून तेवढ्याच बाया बॅगा ओढत बाहेर पडत. रस्त्याच्या मधोमध दोन्ही रांगा एकमेकींना ओलांडत आणि समोरच्या दारात शिरत. कुणाच्या काखेत उशी, कुणाच्या हातात बादली, कुणाच्या बॅगेचं एक चाक गेलेलं. टेम्पोवाले भोंगे वाजवत. कोपऱ्यावरचा चावीवाला काम थांबवून बघत बसे. फुकटची करमणूक कोण सोडतो?

दोन्ही होस्टेलं एकाच मालकाची. त्या शहराचा कायदा असा, की एका छपराखाली सलग महिनाभर जो झोपला तो पाहुणा उरत नाही, तो राहणारा होतो. मग त्याला नुसतं 'ऊठ, चल' म्हणून काढता येत नाही, कोर्टात जावं लागतं. मालकाला कोर्ट नको होतं. म्हणून महिना भरत आला की निळ्यातल्या पिवळ्यात आणि पिवळ्यातल्या निळ्यात. मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कायदा मोडला असं कुणी म्हणायला नको आणि कायद्याचा उपयोगही कुणाला व्हायला नको. असल्या माणसाला लोक हुशार म्हणतात. गर्दीत पाकीट मारणारा तेवढा चोर.

आणि हे त्या बायांना ठाऊक नव्हतं असं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. शिकलेल्या, कमावत्या, दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांना नियम समजावणाऱ्या बाया. पण त्या दिवशी मेंढरं बरी. मेंढरू निदान बें तरी करतं.

रांगेत सगळ्यात पुढे असायची कवळीताई. दात पाडायच्या दवाखान्यांना कवळ्या करून देणाऱ्या कारखान्यात ती कामाला होती. तोंडाचे ठसे यायचे, त्यांत प्लास्टर ओतायचं, वर मेणाची हिरडी चढवायची, हिरडीत एकेक दात बसवायचा, मग मेण काढून तिथे गुलाबी ॲक्रिलिक. पन्नाशी उलटलेली, काडीसारखी, नखांत कायमचं प्लास्टर. तोंडावर तिला सगळ्या कवळीताई म्हणत, पाठीमागे नुसतं कवळी. माणूस बोलायला लागला की ती त्याच्या डोळ्यांत बघायची नाही, दातांत बघायची. तिथे तिला हवं ते सगळं दिसायचं आणि आवडेल असं काही दिसायचं नाही.

तिला कुणीच आवडत नसे. दोन रात्रींपुरत्या येणाऱ्या, पाठीवर पिशवी आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या पोरी तर डोक्यातच जायच्या. गरिबी चाखायला येतात, म्हणायची, पुरती जेवत नाहीत. तिच्या पलंगाच्या वरच्या मजल्यावर झोपणारी पोरगी एका हॉटेलात हसायचं शिक्षण घेत होती. आरशासमोर उभी राहून रोज तेच ते हसायची. कवळीताई तिला सांगायची, हे दात मी बसवलेले असते तर पैसे परत दिले असते. भिंतीवर मालकानं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'इथे कुणी परकं नाही, आपण एक कुटुंब आहोत.' पावतीवर मात्र 'पाहुणा' छापलेलं. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असतात. पण हत्ती निदान खायच्या दातांची पावती फाडत नाही.

कुटुंब या शब्दाचं तिला वावडं होतं. आई होती तोवर ती भावाकडे राहिली. आईचं हगणंमुतणं तिनंच काढलं. कवळ्या करून मिळालेले पैसे त्या घराच्या फरशीत गेले, खिडक्यांत गेले, भाचीच्या शाळेत गेले. कुठे नाव घालायची गोष्ट निघाली की भाऊ म्हणायचा, अगं, तू घरची, तुझं कसलं आलंय नाव! आई गेली आणि भाचीला अभ्यासाला खोली हवी झाली. वहिनी काही बोलली नाही. असल्या वहिन्या कधी काही बोलत नाहीत. भावानं स्वतः बॅग टॅक्सीत ठेवली आणि प्रेमानं विचारलं, "ताई, सगळं घेतलंस ना? काही मागे राहिलं नाही ना?" तो प्रश्न तिच्या मनात हाडकासारखा अडकून बसला होता.

तेव्हापासून हे होस्टेल. तळमजल्यावरचा हॉल, खिडकीजवळचा लोखंडी दुमजली पलंग, त्यातला खालचा मजला. कारखाना चालत जाण्याच्या अंतरावर. गुडघे गेलेल्या बाईला खालचा पलंग म्हणजे काय असतं ते ज्याचे गुडघे शाबूत आहेत त्याला सांगून कळायचं नाही. एक महिना हा पलंग, एक महिना समोर पिवळ्यातला असाच खिडकीजवळचा.

आणि दोन्ही पलंगांना दुसरी एक मालकीण होती. कवळीताई इकडे असली की ती तिकडे, ती इकडे आली की कवळीताई तिकडे. बाजारपेठेतल्या मोठ्या दुकानाच्या दाराशी उभी राहून ती बायकांच्या पर्स तपासायची. अंगानं भरलेली, दिवसभर उभं राहून पायांच्या शिरा फुगलेल्या. अदलाबदलीच्या दिवशी रस्त्यात दोघी समोरासमोर यायच्या आणि नजर वळवून निघून जायच्या. दोन वर्षांत एक शब्द नाही. पण एकमेकींचं सगळं ठाऊक. गादीत पडलेला खड्डा, उशीखाली विसरलेल्या केसांच्या पिना, आणि पायाला चोळायच्या मलमाचा वास, जो चादर धुतली तरी जायचा नाही. कवळीताईनं तिचं नाव मलमवाली ठेवलं होतं आणि रोज झोपताना ती मलमवालीला शिव्या घालूनच कुशीवर वळायची.

त्या महिन्यात निळ्याच्या दारातच नमुन्याचं एक पांढरं खोकं येऊन पडलं. कॅप्सूल. माणूस आत सरकवायचा, पडदा ओढायचा, डोक्याशी दिवा, पायाशी पंखा. एकावर एक रचायची. एका पलंगाच्या जागेत दुप्पट माणसं. पोरी त्यात आडव्या पडून फोटो काढत होत्या. वरची म्हणाली, किती प्रायव्हसी! कवळीताईनं नखानं त्याच्यावर टकटक केलं आणि म्हणाली, "शवागारात पण असंच असतं. फक्त तिथे पडदा लागत नाही, आतला बघत नाही ना बाहेर."

त्याच आठवड्यात कळलं, की पिवळं पुढच्या महिन्याच्या शेवटी बंद करून तिथे सगळी कॅप्सूलच बसवणार. आणि कॅप्सूल पंचेचाळिशीच्या आतल्यांना. शिडी चढताना म्हाताऱ्या पडल्या तर कुणी निस्तरायचं? सुरक्षेचा प्रश्न. माणसाला हाकलायचं असलं की सगळ्यात आधी त्याच्या तब्येतीची काळजी वाटायला लागते.

आता हिशेब उघड होता. या खेपेला जी पिवळ्यात जाईल तिला महिनाअखेरीस परतीची वाट नाही. निळ्यात येणाऱ्यांचीही पाळी पुढे कधीतरी येणारच होती, पण आधी पिवळ्यातल्या. आणि पिवळ्यात जाणार होती कवळीताई. हे कळूनही तिनं काय केलं? बॅग भरली. कपड्यांच्या घड्या घातल्या, साबण पिशवीत गुंडाळला, बादली दाराशी नेऊन ठेवली. बोलायला सव्वा हात जीभ आणि चालायला मेंढराचेच पाय.

काउंटरवरची पोरगी हॉलभर फिरत होती. चांगली पोरगी, गोड पोरगी, अशाच पोरी असल्या कामाला ठेवतात. कवळीताईच्या पलंगाशी ती थांबली, खाली वाकून पाहिलं आणि प्रेमानं म्हणाली, "ताई, सगळं घेतलंत ना? या वेळी काही मागे राहायला नको हं."

कवळीताईनं बॅगेची चेन अर्ध्यावर सोडली. ती पलंगावर बसली. मग पाय वर घेतले. मग आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

पोरीला आधी वाटलं, बाईला चक्कर आली. पाणी आणलं. मग वाटलं, चेष्टा करतेय. मग हात जोडले, माझी नोकरी जाईल म्हणाली. कवळीताई म्हणाली, "जाईल. दुसरी लागेल. तुझ्या तोंडात बत्तीस आहेत अजून." बाकीच्या बाया दाराशी थबकल्या होत्या. कुणी बसलं का शेजारी? नाव नको. वरची म्हणाली, ऑल द बेस्ट हं ताई, आणि तिची चाकांची बॅग खडखडत सगळ्यात आधी बाहेर पडली. एकेक करून सगळ्या गेल्या. हॉल रिकामा झाला आणि थोड्या वेळानं पिवळ्यातल्या बायांनी भरला. प्रत्येकीनं आपापला पलंग धरला, आणि मलमवाली बॅग घेऊन खिडकीशी येऊन उभी राहिली.

"हा माझा ना आजपासून?" ती पोरीला म्हणाली.

"नाही," भिंतीकडून उत्तर आलं.

मलमवालीनं बॅग खाली ठेवली आणि दोन वर्षांचं साचलेलं बाहेर काढलं. "दोन वर्षं तुमच्या उशीवरचा पांढरा भुगा झटकतेय. मला वाटायचं, बाईला कोंडा झालाय."

"प्लास्टर आहे ते."

"असेल. खाज कोंड्यासारखीच सुटते."

"आणि तुमचं मलम? गादीत मुरलंय. कवळीला वास येतो म्हणून डॉक्टरनं परत पाठवली एक. आणि हा खड्डा! झोपायचं की विहिरीत उतरायचं?"

पोरगी मालकाला फोनवर फोन लावत होती. अदलाबदलीच्या दिवशी मालक फोन उचलत नसे. असल्या कटकटी ऐकायला त्यानं पोरगी ठेवली होती. वरपासून खालपर्यंत निळ्यात एक पलंग रिकामा नव्हता. रिकामा होता तो एकच, रस्त्यापलीकडे, कवळीताईसाठी ठेवलेला. पोरगी घामाघूम झाली आणि तिनं सुटकेचा श्वास सोडल्यासारखं सांगून टाकलं, "असं करा मावशी, आजचा दिवस तुम्ही परत तिकडेच जा. तुमच्याच पलंगावर. उद्या सर आले की बघू."

मलमवालीनं तोंड उघडलं आणि मिटलं. भिंतीकडे वळलेली कवळीताई पहिल्यांदा या कुशीवर आली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि या खेपेला नजर कुणीच वळवली नाही. आज पिवळ्यात झोपली की मलमवालीचा महिना तिथेच भरणार. जे पिवळं रिकामं करायचं, त्याच पिवळ्यात.

दिवसभर बायकांच्या पर्समध्ये हात घालणारी बाई. कुठे काय लपवलंय ते तिला न शोधता कळतं.

"बरं," मलमवाली म्हणाली. चेहऱ्यावर रेघ उमटू दिली नाही. "तुम्ही म्हणता तर जाते." तिनं बॅग उचलली आणि फुगलेल्या पायांनी, जराही घाई न करता, रस्ता उलटा ओलांडून गेली. चावीवाल्यानं हातातली कानस खाली ठेवून पाहिलं. असं याआधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मालक आला. कवळीताई कामावर निघायच्या तयारीत केस विंचरत होती. तो पलंगाच्या कडेला बसला, ताई म्हणाला, मोठी बहीण म्हणाला. तुमच्यासाठी वयाची अट काढून खालचं कॅप्सूल देतो म्हणाला. शेवटी भिंतीकडे हात करून म्हणाला, "आपण एक कुटुंब आहोत ना?"

"कुटुंबातूनच आलेय मी," कवळीताई म्हणाली. "तिथे काय होतं ते मला सांगू नका. आणि पलंगावरून उठा. विचारल्याशिवाय परक्याच्या पलंगावर बसू नये."

मालकाचे दात चांगले होते. ती नंतर कारखान्यात म्हणाली, वरचे चार खोटे आहेत, पण काम नंबर एक, कुणाचं आहे विचारायला हवं.

मालक तिथून समोर पिवळ्यात गेला आणि तिथे त्याला पोरीनं काय करून ठेवलंय ते कळलं. रस्त्याच्या या बाजूलाही त्याचा आवाज ऐकू आला. पोरीची नोकरी गेली. पुढे ती दुसऱ्या रस्त्यावरच्या होस्टेलात काउंटरवर बसली, तिथेही गोडच बोलते. मालक कोर्टात गेला नाही. कोर्टानं एकीचं ऐकलं असतं तर बाकीच्यांनाही जाग आली असती, एवढी अक्कल त्याला होती.

बाकीच्यांना तशीही आली नाही. महिनाअखेर पिवळं रिकामं झालं. पंचेचाळिशीपुढच्या बाया बॅगा घेऊन कुठे कुठे गेल्या. कुणी बहिणीकडे, कुणी शहराबाहेर लांब, कुणी आणखी वाईट होस्टेलात. त्यांतली एक जाताना कवळीताईला भेटायला आली आणि म्हणाली, नशीब काढलंत हो. कवळीताई म्हणाली, "नशीब कसलं? बूड टेकलं. तुम्हालाही आहे की."

आता पिवळ्यात खालपासून वरपर्यंत पांढरी खोकी आहेत, आणि खिडकीजवळ, त्या खोक्यांच्या मधोमध, एक लोखंडी पलंग. कॅमेरेवाल्या पोरींना वाटतं, जुन्या काळचं काहीतरी मुद्दाम जपून ठेवलंय. त्या फोटो काढायला लागल्या की मलमवाली पाय चोळता चोळता त्यांना म्हणते, आधी पर्स दाखवा.

मैत्री वगैरे काही झाली नाही. रस्त्यात भेटल्या तर दोघी मान हलवतात, एवढंच. निळ्यातल्या गादीत तो खड्डा अजून आहे, वास अजून आहे, कवळीताई अजून त्यात घसरते आणि शिव्या घालते. मालकानं मध्यंतरी निरोप पाठवला, नवी गादी देतो, फक्त एक दिवस पलंग मोकळा करून द्या.

गादीला हात लावाल तर याद राखा, असा उलटा निरोप गेला.