आधी ओळख, मग गाणं

“ताई, रविवारी आम्ही मराठी मंडळात गाणार आहोत. येच तू!” माझ्या धाकट्या भावाचा, मंदारचा फोन आला आणि मी लगेच तिकीट काढलं. बँकेने त्याची कोलकात्याला बदली केली, त्याला तीन वर्षं झाली. तिथे तो समलिंगी पुरुषांच्या गायनवृंदात गातो. आपल्या माणसांसमोर, आपण कोण ते सांगून गायचं, एवढीच त्याची हौस होती.

हावड्याला उतरलात तर टॅक्सीवाल्यांशी हुज्जत घालू नका. मेट्रो नदीखालून एस्प्लनेडला नेते, तीही किरकोळ पैशांत. बाहेर कचोरी आणि बटाट्याची रसभाजी खा. भाजीत किंचित साखर असते, नाक मुरडू नका.

सकाळी खिदिरपूरला तालीम ऐकली. वृंद सुरू करणारे तपनदा तिथल्या गोदीत कारकून होते. सुरुवातीला तिघेच, तेही खिडक्या लावून गायचे, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. आता चौदा जण आहेत, इस्पितळांतही गातात. नियम एकच: आधी सगळ्यांनी मिळून ओळख सांगायची, मग गाणं. ‘आम्ही समलिंगी पुरुष आहोत आणि आम्ही गातो,’ हे मराठी वाक्य मंदारने त्या बंगाली मंडळींकडून महिनाभर घोटून घेतलं होतं.

संध्याकाळी हॉलवर मंडळाचे अध्यक्ष हसतमुखाने पुढे आले. “गाणं झकासच हो यांचं! फक्त ते वाक्य नको. बायकामुलं असतात. आम्ही ‘बँक अधिकाऱ्यांचा वृंद’ म्हणून सांगतो.”

“अहो, चौदांत बँकेतला एकटा मंदार आहे!” मी म्हणाले.

“कोण मोजायला बसलंय, ताई?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमंत्रण देताना ठाऊक नव्हतं? यांना गळे हवेत, माणसं नकोत! वर बायकामुलांच्या आड लपायचं! मी बाईच आहे की, मला विचारलं कुणी?

तपनदा मंदारला म्हणाले, “तुम बोलो. तुम्हारे लोग हैं.”

मंदारने भरलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, “चलो.” चौदाही जण पेटी उचलून बाहेर पडले.

हावड्याच्या फेरीबोटीत ते गायले, आधी ते वाक्य म्हणूनच. एका आजींनी ‘आर एकटा’, म्हणजे अजून एक, अशी फर्माईशही केली. मंदार मात्र कठड्याला टेकून रडत होता. त्या हॉलमधल्या लोकांचा मला अजूनही संताप येतो.

घरी परतले तर लिफ्टपाशी शेजारच्या जोशीकाकू. “कसा झाला मंदारचा कार्यक्रम? कसला ग्रुप गं तो?”

“बँकेतला,” मी पटकन म्हणाले.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! रात्री मंदारला फोन करून सगळं कबूल केलं. त्याने ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, “लिही.”

काकू, तुम्ही माझा ब्लॉग वाचता. मी तुमच्याशी खोटं बोलले.