लुकड्याला जिना शिकवताना

माझी मावशी शिवणकाम करते. खाली दुकान, वर दोन खोल्या, मध्ये अरुंद लाकडी जिना. काका बस चालवून निवृत्त झाले आणि त्यांच्या पाठोपाठ घरात आणखी एक निवृत्त आला, शर्यतीत धावलेला ग्रेहाउंड. असल्या कुत्र्यांना घर मिळवून देणाऱ्या एका बाईंचा शिवून झालेला कोट द्यायला मावशी गेली होती. परतली ती कुत्रा घेऊनच.

"याला काय उपाशी ठेवला होता?" काका म्हणाले.

"याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच हव्यात, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तुमच्यासारखं पोट सुटलं तर सांधे धरतील बिचाऱ्याचे."

नाव पडलं लुकड्या.

पण लुकड्याने जन्मात जिना पाहिला नव्हता. पहिल्या पायरीपाशी तो थरथरत उभा राहिला. ओढलं तर पाय रोवायचा. शेवटी मावशीनेच आपलं अंथरूण खाली दुकानात आणलं. फरशी त्याच्या हाडांना टोचू नये म्हणून तिने चिंध्या भरून जाड गादी शिवली. अंगावर ना चरबी, ना धड केस, म्हणून अस्तराचा कोटही शिवला. "छातीला बसवावा तर कंबरेला झोळणा होतो मेला," ती हसत म्हणायची.

वर एकटे पडलेले काका फुगून बसले. एका दुपारी चहा मागायला खाली आले, तेव्हा लुकड्या डोळे उघडे ठेवून पडला होता. जागाच आहे असं समजून काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. तो गुरगुरत ताडकन उठला.

"परत पाठव याला!"

"अहो, झोपला होता तो. हे उघड्या डोळ्यांनीही झोपतात. तुम्हाला झोपेत कुणी धपाटा घातला तर तुम्ही काय मुका घ्याल?"

काका वर निघून गेले. पण दुसऱ्या दिवसापासून जिन्यातूनच आवाज द्यायला लागले, "लुकडोजीराव, येतोय हं!" त्याने मान वर केली की मगच जवळ जायचे.

पुढे जिन्याची शिकवणी दोघांनी मिळून घेतली. काका पुढे, दुखरे गुडघे सावरत, हातात उकडलेल्या कोंबडीचा तुकडा. मावशी मागे, त्याचा एकेक पाय उचलून वरच्या पायरीवर ठेवणारी. कधी दोन पायऱ्या व्हायच्या, कधी एकही नाही. "धावून झालंय त्याचं," मावशी म्हणायची, "आता घाई कसली?"

एका सकाळी ती मशीनवर असताना काकांची आरोळी आली, "अगं, हा आपला आपण वर आलाय!" मावशी धावली. लुकड्या काकांच्या पलंगावर चारी पाय वर करून पसरला होता आणि काका कडेला अंग चोरून बसले होते.

उतरायचं मात्र शिकवायचं राहूनच गेलं होतं. दोघांनी त्याला पुढून-मागून धरून, धापा टाकत खाली आणलं.

आता तिघंही वरच झोपतात. फिरायला नेताना काका पट्टा हाताला दोन वेढे देऊन धरतात. मांजर दिसलं तर हा डोळ्याचं पातं लवायच्या आत पसार होईल, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. भरलेली बस चालवतानाही त्यांनी एवढा जीव मुठीत धरला नव्हता, असं मावशी म्हणते.