टँकर भलत्या वस्तीत शिरला तेव्हा

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात आम्ही पडेगावच्या नव्या इमारतीत राहायला गेलो होतो. नळ कोरडेच. ज्याची पाळी असेल त्यानं टँकर गाठून आणायचा. त्या दिवशी पाळी माझी होती. टँकरचा ड्रायव्हर कन्नड तालुक्यातला, या भागात नवखा. "ताई, तुम्ही पुढं चला, मी मागं येतो," म्हणाला. मीही तिथं नवीनच. माझ्या गाडीतल्या स्क्रीनवरच्या नकाशावर भरवसा ठेवून निघाले.

अर्धवट बांधलेल्या उंच इमारतींमधून जाताना स्क्रीननं उजवीकडं वळायला सांगितलं. मी वळले. रस्ता अरुंद होत गेला आणि पत्र्याच्या घरांपुढं संपला. तिथं रिकाम्या हंड्यांची रांग लागलेली, आणि उन्हात ताटकळलेली माणसं.

टँकर बघताच गलका उठला. मी काच खाली करून ओरडले, "हा तुमचा नाही, आम्ही रस्ता चुकलोय!"

"चुकलाव व्हय? आमचं पाणी पळवून नेताव!" एकानं माझ्या गाडीच्या समोरच्या काचेवर वीट घातली. काचेचा तुकडा माझ्या गालात घुसला.

ड्रायव्हर घाबरला. त्यानं टँकर जोरात मागं घेतला. मागून एक बाई हंडा घेऊन धावत आली होती. तिचा पाय भिंत आणि टँकरच्या मधे सापडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, मग तिची किंकाळी.

माणसांनी ड्रायव्हरला केबिनमधून खेचलं. लाथा, बुक्क्या, बांधकामावरच्या सळया. तो हात जोडत होता. सळई त्या हातांवरच पडली. मी गाडीतून उतरून मधे गेले तर कुणीतरी केसांना धरून मला फेकलं. पडले ती टँकरच्या मागच्या चाकापाशी. डोक्याशी पाण्याचा कॉक होता. काय सुचलं ठाऊक नाही, तो दोन्ही हातांनी फिरवला.

"पाणी घ्या! त्याला सोडा!"

पाणी धबाधबा मातीत पडायला लागलं. मारणारे त्याला तिथंच टाकून हंड्यांकडं धावले आणि आता एकमेकांवरच तुटून पडले. एका म्हातारीच्या डोक्यात कुणाची तरी कळशी बसली. तिनं रक्त पुसलं नाही, आधी हंडा भरला.

जखमी बाईला आणि ड्रायव्हरला मी माझ्या गाडीत मागं घातलं. बाईचा नवरा पुढं बसून रस्ता सांगत होता. मधेच मागं वळून ड्रायव्हरवर गुरकावला, "तिचा पाय धर. हलला तर तुझा जीव घेईन." तो मोडक्या बोटांनी पाय धरून बसला. दवाखाना येईपर्यंत ती त्याला शिव्या देत होती.

गारखेड्याला माझा भाऊ राहतो, इंजिनिअर आहे. गालाला टाके पडल्यावर मी त्याला विचारलं, असं झालंच कसं?

"गाडी उपग्रहांच्या सिग्नलवरून आपली जागा काढते," तो म्हणाला. "सिग्नल उंच भिंतींवर आपटून आला की त्याला उशीर होतो आणि जागा सरकते. त्यात तुमचा नवा रस्ता नकाशात नसणार. मग तू शेजारच्या जुन्या रस्त्यावर आहेस असं तिनं धरलं आणि वळण तिथलं सांगितलं."

"म्हणजे किती चुकली?"

"एका रस्त्याएवढी."

ड्रायव्हरची बोटं नीट जुळली नाहीत. तो गावी गेला, पुन्हा स्टिअरिंगला बसला नाही. आमच्या इमारतीत भांडून मी टँकर आधी त्या वस्तीत थांबवायला लावला. पहिल्या खेपेला टँकरबरोबर गेले. ती बाई प्लास्टरमधला पाय पसरून दारात बसली होती. माझ्या गालाकडं बघत राहिली.

"लई वाकडे टाके घातलेत," म्हणाली, आणि सरकून मला बसायला जागा केली.