पोशा तांडेलांचा वाटा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी पोशा तांडेल हे नाव घेतो. वाचकांपैकी कोणी ते ऐकले असण्याचा संभव नाही. डोंबिवलीच्या खाली खाडीच्या काठाने आमची वस्ती आहे. तिथल्या ओढीच्या जाळ्याचे ते तांडेल, म्हणजे म्होरके होते. मी त्यांना काका म्हणत असे. रक्ताचे नाते नव्हते. त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले, पण माझे चित्त ठिकाणावर नाही. वर्गात मुलांना उतारा घालून देतो आणि मध्येच खिडकीशी जाऊन उभा राहतो. ठाण्याच्या आमच्या शाळेच्या खिडकीतून खाडीची एक चिंधोटी दिसते... भरती आहे की ओहोटी, एवढे पाहतो आणि परत येतो. पाहून करायचे काय, ते मलाही ठाऊक नाही.

बातमी आणली गोमाने. गोमा हा काकांच्या जाळ्यावरचा जुना गडी. शाळा सुटायच्या वेळी तो फाटकाशी उभा होता. डोक्याचे फडके सोडून हातात घेतलेले पाहिले तेव्हाच मी समजलो.

"तांडेल गेला, तीन दिस झाले," तो म्हणाला. "आनि काकी वाटा घेत नाय. तू चल. तू सांगितल्याबिगर ती ऐकायची नाय."

परक्याला यातले काही कळणार नाही, म्हणून आधी आमची रीत सांगतो.

आमच्याकडे जाळे एकट्याचे नसते. होडी एकाची, जाळ्याचे तुकडे चौघांचे, आणि दोर ओढणारे हात सगळ्या वस्तीचे. जाळे काठाला आले की मासळी चटईवर ओततात आणि तांडेल तिचे वाटे घालतो. बोई, कोळंबी, शिंगाळा, जे असेल ते सगळ्या वाट्यांत सारखे. मोठा मासा निघाला तर तो कापून घालायचा. तांडेलाने "उचला" म्हणेपर्यंत चटईला कोणी हात लावायचा नाही. आणि मुख्य गोष्ट ही की वाटे जो घालतो तो आपला वाटा सर्वांत शेवटी घेतो. सगळ्यांनी उचलून जो उरेल तो त्याचा. त्यामुळे वाटे घालणाऱ्याचा हात आपोआप सरळ राहतो. दोराचा माणूस मेला तर त्याच्या घरी पुढचा पावसाळा सरेपर्यंत त्याचा वाटा जातो. तो दया म्हणून जात नाही, तो माणूस अजून दोराला आहे म्हणून जातो.

माझे वडीलही दोराला असत. मिठागरावर ताप येऊन ते वारले तेव्हा असाच वाटा आमच्या घरी येत होता. त्याची मुदत सरली. ज्या दिवशी सरली त्याच्या दुसऱ्या सकाळी माझी आई पदर खोचून काठावर गेली आणि दोराला उभी राहिली. बायका मासळी विकत, फाटलेले जाळे तुणत, पण ओढीला उभ्या राहत नसत. धाकल्या नावाचा एक गडी होता, तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "वयनी, घरात कोन चूल फुंकनार मंग? आमी?"

"फुंक की," आई म्हणाली. "तुना येत असंल तर."

सगळे हसले, पण दोर कोणी हलवीना. सगळे काकांकडे पाहू लागले. काका पाण्यात कमरेइतके उभे होते. त्यांनी आईकडे पाहिलेसुद्धा नाही. "दोर ताठ झाला का सैल पडला ते बगा," ते म्हणाले. "धरनारा कोन त्ये दोराला कलत नाय." त्या दिवशी आईला पुरा वाटा मिळाला, अर्धा नव्हे. पुढे कित्येक वर्षे मिळत राहिला. त्या वाट्यावर मी कल्याणच्या शाळेत शिकलो, ठाण्याला इंग्रजी शिकलो आणि शेवटी मुंबईस कॉलेजात गेलो. विद्वान लोक आपल्या ग्रंथांच्या आरंभी आश्रयदात्याचे नाव घालतात. मला घालायचे झाले तर काकांच्या त्या वाक्याखेरीज दुसरे काही घालता येणार नाही.

आई माझ्या परीक्षेच्या आधीच्या वर्षी वारली. मी बी. ए. झाल्याचे तिने पाहिले नाही, ते काकांनी पाहिले. निकाल लागल्यावर मी वस्तीवर गेलो त्या सकाळी जाळ्यात एक जिताडा आला होता. एवढा मोठा जिताडा आमच्या खाडीत क्वचित मिळतो. धाकल्याच्या सांगण्याप्रमाणे तो चटईवर पडला तेव्हा शेपटीच्या फटक्याने बाकीची मासळी उडाली. वाटे घातले गेले. जिताडा कापायचा राहिला होता. काकांनी कोयता हातात घेतला, खाली ठेवला, जिताडा कल्ल्यात बोट घालून उचलला आणि घरी निघून गेले. दुपारी बायजाकाकीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला जेवायला बोलावले. काका माझ्या पानात वाढा म्हणून तिला खुणा करीत होते. स्वतः मात्र त्यांनी भाताबरोबर नुसते मीठ घेतले. पोट जड आहे म्हणाले. मला वाटले, वय झाले...

दुसऱ्या दिवशी भरतीला काका काठावर आले नाहीत. गोमा बोलवायला गेला.

"मी उचला म्हनायच्या आदी उचलला," काका म्हणाले. "माजा हात दोराला लागनार नाय."

गोमाला आधी हसूच आले. "अरं तांडेला, पोरगं बीये झालं! तू मागितला असतास तर आमी खांद्यावर मारून आनला असता त्याच्या दारी."

"त्येच तर," काका म्हणाले. "तांडेलानं मागितल्यावर नाय कोन म्हनंल? मागलं असतं तर तुमी समदे माज्यासंगं लबाड झाले असते. आता मी एकटाच झालो."

त्यांनी पूर्वी धाकल्याला मूठभर कोळंबी आधी उचलली म्हणून एक हंगाम दोराबाहेर ठेवले होते. धाकल्या तेव्हा पुष्कळ बडबडला, पण गेला. हंगाम सरल्यावर काका त्याच्या दारात जाऊन म्हणाले, "दोराला ये." आमच्याकडे दोराबाहेरच्या माणसाला परत बोलावण्याचा मान तांडेलाचा, दुसऱ्या कोणाचा नाही. आणि इथेच सारी अडचण झाली. दोराबाहेर गेला तो खुद्द तांडेल. त्याला बोलावणार कोण? गोमाने जाळे सांभाळले, पण तांडेल म्हणवून घ्यायला तो तयार नव्हता. काका जिवंत असताना कोणीच तयार नव्हते. हंगाम गेला, दुसरा आला. काका घरी बसून लोकांची जाळी तुणीत, आणि भरतीची वेळ झाली की उठून बांधापर्यंत येत. तिथून दोर दिसतो. बघत उभे राहत आणि परत फिरत. काकी सांगे, रात्री अंथरुणावर त्यांच्या मुठी वळलेल्या असतात.

मला हे सगळे उशिरा कळले, कारण मला कोणी सांगितलेच नाही. ठाण्यास नोकरी लागल्यावर एका सुट्टीत मी गेलो तेव्हा धाकल्याने सांगितले. सांगताना त्याला मजा वाटत होती असे नाही, पण तो धाकल्याच. "तुजा जिताडा लई महाग पडला रं मास्तर. तांडेलच गिळला त्यानं."

मी काकांकडे गेलो. हात जोडले, समजूत घातली, शिकलेल्या माणसाला सुचतात ती सगळी कारणे दिली. ते ऐकून घेत होते आणि सुईत दोरा ओवीत होते. शेवटी म्हणाले, "मासा चांगला होता ना?"

"होता, काका."

"मंग झालं."

पण झाले नव्हते. त्या संध्याकाळी मी गाडीला न जाता काठावर येरझारा घातल्या, आणि घालता घालता वाटे घालण्याची रीतच माझ्या डोक्यात फिरू लागली. वाटे घालतो तो तांडेल. काका आजारी पडले की पूर्वी गोमा वाटे घाली, आणि त्या दिवसापुरते सगळे त्याचे ऐकत. माझी आई दोराला होती. तिच्या जागेवर माझा हक्क आहे. मग एका दिवसापुरते वाटे मी का घालू नयेत? मी गोमाला विचारले. तो बराच वेळ डोके खाजवीत राहिला. मग त्याने बाकीच्यांना हाका मारल्या.

"ऐका रं. यो मास्तर आपला एक दिसाचा तांडेल. कोनाला काय बोलायचंय?"

"बीये तांडेल!" धाकल्या म्हणाला. "पेन्शिलीनं आखून वाटे घालील. आनि शेवटचा वाटा त्यालाच घ्यावा लागंल, ह्ये म्हाईत हाय ना त्याला?"

"माहीत आहे," मी म्हणालो.

"मंग आपलं काय नाय," धाकल्या म्हणाला. पुढच्या उधाणाची भरती ठरली. समोर सांगितले तर काका पुन्हा सुईत दोरा ओवीत बसतील, हे मला ठाऊक होते. म्हणून मी ठाण्याहून पत्र पाठवले. वस्तीवरच्या पंतोजींनी ते त्यांना वाचून दाखवले, एवढेच मला कळले.

त्या दिवशी मी गेलो तेव्हा काकांना चार दिवसांचा ताप होता. येतील असे कोणालाच वाटले नव्हते. जाळे पाण्यात पडले, आम्ही दोर धरला, आणि बांधावरून काकी त्यांना धरून आणताना दिसली. अंगावर कांबळे. ते बसले तिथे गोमाने दोराचे टोक नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवले. ओढ चालू असताना त्यांचा हात त्या टोकावर होता. ओढण्याइतके बळ नव्हते, पण हात होता. मासळी बेताचीच आली. मी वाटे घातले. एकात बोई लहान वाटली म्हणून बदलली, पुन्हा बदलली... धाकल्या म्हणाला, "अरं, संध्याकाल व्हईल, घाल आता." काका हसले. त्यांना हसताना पाहिले ते शेवटचे.

"उचला," मी म्हणालो. "काका, आधी तुम्ही."

त्यांनी हात पुढे केला आणि एका वाट्यावर ठेवला. वाटा थोडा सरकला, माझ्या बाजूला. मग हात तिथेच राहिला, कारण त्यांना ग्लानी आली होती. आम्ही त्यांना उचलून घरी नेले. तो वाटा मी बरोबर नेला, काकीने रांधला, त्यांनी दोन घोट सार घेतले. मला शाळेसाठी परतावे लागले, आणि त्यानंतर ते नीट शुद्धीवर आलेच नाहीत.

गोमा म्हणतो, तांडेलाने वाटा उचलला. काकी म्हणते, त्याने तो तुझ्याकडे सारला, म्हणजे तो शेवटपर्यंत दोराबाहेरच राहिला. ती त्यांच्याजवळ बसली होती, तिने हात जवळून पाहिला. म्हणून गोमाने दारात आणून ठेवलेला वाटा ती घेत नव्हती. रोज सकाळी गोमा ठेवी, रोज ती तसाच परत पाठवी. "त्याचा नवता तो मी खाऊ?" म्हणे. "त्यानं भाताशी मीठ खाल्लं ते काय उगाच?"

मी तिच्यापुढे जाऊन बसलो. तो हात मी डोळ्यांपुढे आणतो, वाटा सरकताना पाहतो, आणि कधी तो घेताना दिसतो, कधी देताना. अभ्यासाने हे सुटत नाही. पण बोलता बोलता मी काकीला एक विचारले. धाकल्या परत आला त्या दिवशी तो दोराचा केव्हा झाला? वाटा उचलल्यावर?

"नाय," काकी म्हणाली. "तांडेलानं बोलवलं आनि तो काठावर आला, तवाच."

आणि तिने दाराकडे पाहिले. मग ती म्हणाली, "तुजं पत्तर पंतोजींनी वाचलं तवा मी आत व्हते. मना नीट ऐकू आलं नाय. काय लिवलं होतंस?"

पत्र तिने गाडग्यात जपून ठेवले होते. मी ते वाचले. ती उठली, दारातली गोमाची टोपली आत घेतली आणि मासळीवरचे पान बाजूला करून पाहिले. चुलीशी बसता बसता म्हणाली, "परत वाच." मी परत वाचले.

"तीर्थरूप काकांस, नारायणाचा साष्टांग नमस्कार. येत्या उधाणाच्या सकाळी मी वस्तीवर येत आहे. आईच्या जागेवर दोराला उभा राहीन. गोमा, धाकल्या आणि इतर सर्वांनी मला त्या दिवसापुरते वाटे घालायला सांगितले आहे, तेव्हा त्या दिवसाचा तांडेल मी आहे. तुमचे काही चुकले की नाही, हे मी विचारीत नाही. तुम्ही घेतलेली शिक्षा मी मोडीतही नाही. तिची मुदत सरली, एवढे तांडेल म्हणून सांगतो. दोराबाहेरच्या माणसाला बोलवायचा मान माझ्याकडे आहे तोवर तो वापरतो. काका, दोराला या."